दाताचे कवच, आम्ल आणि भरण

(रुग्णालयाच्या वार्षिक सभेनंतर विश्वस्त, देणगीदार व रुग्णांचे कुटुंबीय यांच्यासमोर रुग्णालयाच्या प्रशासकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



दातांविषयी बोलण्याचा खरा अधिकार दंतवैद्यांचा. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. माझे आयुष्य जमाखर्चाच्या वह्यांत गेले. तरीही आज हा विषय घेऊन आपणांसमोर उभा आहे, कारण या विषयाचा प्रारंभ जमाखर्चातूनच झाला. दंतविभागाच्या साहित्याची बिले पाहताना आपल्या एका विश्वस्तांनी विचारले की, एकाच रुग्णाच्या त्याच दातात दुसऱ्यांदा, क्वचित तिसऱ्यांदाही भरण करावे लागते, याचा अर्थ काय समजावा? साहित्य हलक्या प्रतीचे आहे, डॉक्टरांच्या कामात उणीव आहे, की रुग्ण निष्काळजी आहे? प्रश्न अत्यंत रास्त होता. देणगीदारांनी विश्वासाने दिलेला रुपया एकाच कामावर दोनदा खर्च होत असेल, तर त्याचे कारण विचारणे हे विश्वस्तांचे कर्तव्यच आहे.

या प्रश्नाचे उत्तर मिळवण्यासाठी मी आपल्या दंतविभागातील डॉक्टरांबरोबर अनेक बैठका केल्या. त्यातून जे समजले, ते सर्वसामान्य माणसाच्या भाषेत आपणांपुढे ठेवतो. भरण निकामी होण्यास वरील तीनही कारणे कधी ना कधी लागू पडतात. परंतु एक चौथे कारणही आहे आणि ते सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. भरण जागच्या जागी शाबूत असते आणि त्याच्या सभोवतालचा दातच विरघळत जातो. दात विरघळवणारा तो पदार्थ म्हणजे आम्ल.

प्रथम दाताची रचना पाहू. दाताचा जो पांढरा, चकचकीत भाग आपणांस दिसतो, त्यास मराठीत दंतवल्क आणि व्यवहारात एनॅमल म्हणतात. मानवी शरीरातील हा सर्वांत कठीण पदार्थ होय. वजनाच्या हिशेबाने त्याचा सुमारे ९६ टक्के भाग खनिजाचा असतो. हे खनिज मुख्यतः कॅल्शियम व फॉस्फेट यांचे बनलेले असून त्यास हायड्रॉक्सिअपेटाइट असे नाव आहे. दाढेच्या टोकाशी, जेथे हे कवच सर्वांत जाड असते, तेथेही त्याची जाडी अवघी दोन ते अडीच मिलिमीटर भरते. हिरडीजवळ तर ते अगदीच पातळ होत जाते. त्याच्या आत डेंटिन नावाचा पिवळसर, तुलनेने मऊ थर असतो आणि सर्वांत आत रक्तवाहिन्या व मज्जातंतू असलेला गाभा असतो. मुलांच्या दुधाच्या दातांचे कवच मोठ्यांपेक्षा पातळ असते, हेही ध्यानात ठेवावे.

या कवचाविषयी सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की, ते एकदाच तयार होते. हाड मोडले तर ते जुळते, कातडी सोलवटली तर नवी येते. कारण ती घडवणाऱ्या पेशी शरीरात जिवंत असतात. दंतवल्क घडवणाऱ्या पेशी मात्र दात हिरडीतून बाहेर येतो त्या सुमारास नष्ट होतात. त्यानंतर आयुष्यभर पुरवायचे ते तेवढेच भांडवल. वाणिज्याच्या भाषेत सांगायचे, तर या मालमत्तेवर घसारा दरवर्षी पडतो, परंतु ती पुन्हा खरेदी करण्याची सोय कोणत्याही बाजारात नाही.

आता आम्लाकडे वळू. दातावर आम्ल दोन वाटांनी येते, आणि या दोन वाटांतील फरक समजला म्हणजे पुढील सारे विवेचन सोपे होते. पहिली वाट सर्वांना ठाऊक असलेल्या दंतक्षयाची, म्हणजे आपण ज्यास ‘दात किडणे’ म्हणतो त्याची. बर्लिन येथे कार्य करणारे अमेरिकन दंतवैद्य विलोबी मिलर यांनी १८९० मध्ये आपल्या ग्रंथात असे मांडले की, तोंडातील जंतू अन्नातील साखर व पिष्टमय पदार्थांपासून आम्ल तयार करतात आणि ते आम्ल दात पोखरते. दाताला खरोखरीची कीड लागते, अळी दात खाते, ही जगभर पसरलेली समजूत त्यामुळे मागे पडली. दुसऱ्या वाटेत जंतूंचा संबंधच येत नाही. खाण्यापिण्यातील आम्ल थेट दातावर पडते किंवा जठरातील आम्ल उलट दिशेने तोंडात येते आणि कवचाचा पृष्ठभाग विरघळवते. यास आम्लजन्य झीज असे म्हणतात. कीड एका जागी खड्डा पाडते. ही झीज मात्र दाताच्या मोठ्या पृष्ठभागावर पसरते. ज्याचे दात अत्यंत स्वच्छ आहेत, जो दोन वेळा न चुकता दात घासतो, त्यालाही ती होऊ शकते.

पदार्थ किती आम्लधर्मी आहे हे सामू या मापाने मोजतात. शुद्ध पाण्याचा सामू ७ असतो. अंक जितका कमी, तितके आम्ल तीव्र. तोंडातील सामू साधारणतः ५.५ च्या खाली गेला की दंतवल्कातील खनिज विरघळू लागते. कोला जातीच्या थंड पेयांचा सामू सुमारे २.५ असतो आणि लिंबाच्या रसाचा २ ते २.५ च्या दरम्यान. येथे एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. सामूच्या मापात एक अंकाचा फरक म्हणजे दहा पट फरक होय. त्यामुळे ५.५ आणि २.५ यांत केवळ तीन अंकांचे अंतर दिसत असले, तरी आम्लाची तीव्रता एक हजार पट वाढलेली असते.

निसर्गाने या आक्रमणावर उपाय योजलेला आहे. तो म्हणजे लाळ. लाळ आम्ल पातळ करते, त्यातील बायकार्बोनेटमुळे त्याची तीव्रता मोडते, आणि तिच्यातील कॅल्शियम व फॉस्फेट मऊ पडलेल्या पृष्ठभागास काही अंशी पुन्हा कठीण करतात. साखर खाल्ल्यावर दातावरील थराचा सामू काही मिनिटांत घसरतो आणि पूर्वपदावर येण्यास अर्धा तास ते एक तास लागतो, हे रॉबर्ट स्टेफन या संशोधकांनी १९४० च्या दशकात मोजून दाखवले. लाळेला हा अवधी मिळाला तर नुकसान बरेचसे भरून निघते. तो मिळाला नाही तर मऊ झालेला थर झिजून जातो आणि गेलेला थर परत येत नाही.

यावरून एक व्यावहारिक निष्कर्ष निघतो. आम्ल किती घेतले यापेक्षा ते किती वेळा आणि किती वेळ तोंडात राहिले, याला अधिक महत्त्व आहे. जेवणासोबत एक पेला सरबत पिणारा आणि तेच सरबत दोन तास घोट घोट घेणारा, या दोघांचे पेय सारखे. परंतु दातावर पडणारा भार अगदी निराळा.

आपल्या दंतविभागात उपचार घेतलेल्या एका ट्रकचालकांचे उदाहरण देतो. त्यांच्या खालच्या दाढांत अन्यत्र दोनदा सिमेंट भरले गेले होते आणि दोन्ही वेळा ते टिकले नव्हते. वरच्या पुढच्या दातांच्या कडा काचेसारख्या पारदर्शक झाल्या होत्या. थंड पाणी लागताच कळ येत असे. आमच्या डॉक्टरांनी भरण करण्याआधी त्यांना विचारले, की रात्री गाडी चालवताना आपण जवळ काय ठेवता? ते म्हणाले, झोप येऊ नये म्हणून कोल्याची मोठी बाटली. ती रात्रभर पुरते. दर पाच-दहा मिनिटांनी एक घोट. म्हणजे सायंकाळपासून पहाटेपर्यंत त्यांच्या दातांना लाळेचे साह्य मिळण्याइतका अवधी एकदाही मिळत नव्हता. या गृहस्थांना ‘थंड पेय सोडा’ एवढेच सांगून भागणारे नव्हते. जागे राहणे हा त्यांच्या उपजीविकेचा आणि रस्त्यावरील इतरांच्या जीविताचा प्रश्न होता. त्यांना सांगण्यात आले की, बाटलीऐवजी थर्मासमध्ये बिनसाखरेचा चहा ठेवावा. थंड पेय घ्यावयाचेच असेल तर ते जेवणासोबत एकदाच घ्यावे व त्यावर साधे पाणी प्यावे. डोळे मिटू लागले तर कोणत्याही पेयावर विसंबून न राहता गाडी बाजूस लावून विश्रांती घ्यावी. त्यानंतर भरण केले गेले. हे संभाषण दहा मिनिटांचे होते. त्याचे बिल निघत नाही, आणि आपल्या अहवालातील कोणत्याही रकान्यात त्याची नोंद होत नाही.

आम्लाचे उगम केवळ बाटलीबंद पेयांत असतात असे नव्हे. चिंचेत टार्टारिक आम्ल असते, लिंबू-संत्र्यात सायट्रिक आम्ल, आणि कोकमाचा आंबटपणाही आम्लाचाच. म्हणून आपली आमटी, सोलकढी किंवा पन्हे टाकून द्यावे असे कोणीही म्हणत नाही. जेवणात घेतलेले आंबट इतर अन्नाबरोबर व लाळेबरोबर निघून जाते. काळजी घ्यावयाची ती सवयींची. कच्ची चिंच वा कैरी चघळत राहणे, लिंबाची फोड दातांनी चोखणे, सकाळी उठल्याबरोबर कोमट पाण्यात लिंबू पिळून ते सावकाश पीत बसणे आणि लगेच दात घासणे, क जीवनसत्त्वाच्या आंबट गोळ्या चघळणे, या सवयी वर्षानुवर्षे चालल्या तर दात झिजवतात. ‘साखररहित’ असे लिहिलेल्या थंड पेयांविषयीही गैरसमज आहे. त्यात साखर नसल्याने कीड लागण्याचा धोका कमी होतो हे खरे. परंतु त्यातील आम्ल तेवढेच असते, म्हणून झीज थांबत नाही. याउलट दही आंबट असूनही दातांस फारसे अपाय करत नाही, कारण त्यात कॅल्शियम व फॉस्फेट विपुल असल्याने दातातून खनिज बाहेर ओढले जात नाही.

आम्लाचा सर्वांत तीव्र उगम मात्र आपल्या देहातच आहे. जठरातील रसाचा सामू १ ते २ इतका खाली असतो. ज्यांना वर्षानुवर्षे आंबट ढेकर येतात, रात्री छातीत जळजळते, वारंवार उलट्या होतात, त्यांच्या वरच्या पुढच्या दातांची आतील, टाळूकडील बाजू झिजलेली आढळते. ही बाजू आरशात दिसत नाही; ती प्रथम दंतवैद्यासच दिसते. पुष्कळ माणसे ‘आम्हाला पित्ताचा त्रास आहे’ असे म्हणून ते दुखणे आयुष्याचा भाग म्हणून स्वीकारतात व डॉक्टरांकडे जातच नाहीत. काही तरुण मुली वजनाच्या भयाने खाल्लेले उलटून टाकतात आणि घरात कोणालाही सांगत नाहीत. अशा वेळी दात बोलतात. येथे दंतवैद्याचे काम केवळ खड्डा बुजवण्याचे राहत नाही. रुग्णाचा मान राखून, एकांतात विचारपूस करून त्यास योग्य डॉक्टरांकडे पाठवणे हा त्याच उपचाराचा भाग ठरतो. गरोदरपणातील उलट्या, तोंड कोरडे पाडणारी काही औषधे, मान व तोंडाच्या भागावर घेतलेला किरणोपचार यांमुळेही दातांचे संरक्षण उणावते. ही सर्व माणसे आपल्या रुग्णालयातच, दंतविभागापासून चार पावलांवर, अन्य विभागांच्या बाकांवर बसलेली असतात.

आता भरणाच्या साहित्याविषयी. आपल्याकडे लोक ‘चांदी भरली’ किंवा ‘सिमेंट भरले’ असे म्हणतात. त्यांपैकी चांदी म्हणजे अमाल्गम. हे चांदी, कथील व तांबे यांची पूड पाऱ्यात कालवून केलेले मिश्रण असून त्यात वजनाने सुमारे निम्मा पारा असतो. अमेरिकेतील जी. व्ही. ब्लॅक यांनी १८९५ च्या सुमारास त्याचे प्रमाण शास्त्रशुद्ध ठरवून दिले आणि त्यानंतर शतकभर जगातील कोट्यवधी दाढा या मिश्रणाने वाचवल्या. ते स्वस्त, टणक व दीर्घकाळ टिकणारे होते. परंतु ते दाताला चिकटत नाही. ते अडकून राहावे म्हणून दाताचा काही निरोगी भागही कोरावा लागतो. दुसरी अडचण पाऱ्याची. जपानमधील मिनामाता येथे कारखान्यातून समुद्रात सोडलेल्या पाऱ्याच्या संयुगामुळे मासे विषारी झाले आणि ते खाणाऱ्या माणसांना जो भयंकर विकार जडला, तो १९५६ मध्ये उघडकीस आला. त्याच गावाच्या नावाने २०१३ मध्ये पाऱ्याच्या नियंत्रणाचा आंतरराष्ट्रीय करार झाला आणि भारताने २०१८ मध्ये त्यास मान्यता दिली. युरोपीय संघाने जानेवारी २०२५ पासून दातांसाठी अमाल्गमचा वापर, वैद्यकीय अपवाद वगळता, बंद केला. नोव्हेंबर २०२५ मध्ये जिनिव्हा येथे भरलेल्या करारातील राष्ट्रांच्या परिषदेत २०३४ पर्यंत तो जगभर संपवण्याचे ठरले. ज्यांच्या दातांत जुनी चांदी शाबूत आहे, त्यांनी मात्र घाबरून ती काढून घेण्याचे कारण नाही. काढतानाच पाऱ्याची वाफ अधिक सुटते. ती निकामी झाली म्हणजे डॉक्टर काय ते ठरवतील.

दुसरे साहित्य म्हणजे दाताच्या रंगाचे कंपोझिट. त्याच्या जन्माची कथा आजच्या विषयाशी विलक्षण जुळणारी आहे. अमेरिकेतील मायकेल ब्युनोकोर यांनी १९५५ मध्ये असे दाखवले की, दंतवल्कावर अल्पकाळ फॉस्फरिक आम्ल लावून ते धुतले तर पृष्ठभागावर अतिसूक्ष्म खाचा पडतात आणि त्यांत राळेसारखा पदार्थ घट्ट रुतून बसतो. पुढे रफाएल बोवेन यांनी योग्य ती राळ सिद्ध केली व १९६२ मध्ये तिचे पेटंट घेतले. जे आम्ल वर्षानुवर्षे नकळत दात झिजवते, तेच आम्ल जाणत्या हातांनी काही सेकंद वापरले तर भरण चिकटवण्याच्या कामी येते. हे साहित्य निळ्या प्रकाशाने कठीण करतात. ते सुंदर दिसते, निरोगी दात फारसा कोरावा लागत नाही आणि आम्लापुढेही ते बऱ्यापैकी टिकते. परंतु ते लावताना जागा पूर्ण कोरडी ठेवावी लागते, वेळ अधिक लागतो, खर्च अधिक येतो, आणि त्याची सर्वांत मजबूत पकड दंतवल्कावरच असते. ज्याच्या दातावर दंतवल्कच उरलेले नाही, त्याच्या बाबतीत ही पकड कमजोर पडते.

तिसरे म्हणजे ग्लास आयोनोमर सिमेंट. लंडन येथील सरकारी रसायनशाळेतील अॅलन विल्सन व ब्रायन केंट यांनी ते १९६० च्या दशकाच्या अखेरीस शोधले व १९७२ मध्ये प्रसिद्ध केले. ते दाताशी रासायनिक बंधाने जुळते, थोड्या ओलाव्यातही बसते आणि त्यातून फ्लोराइड हळूहळू पाझरत राहते. १९८० च्या दशकात टांझानियात, जेथे वीज व यंत्रे उपलब्ध नव्हती, तेथे केवळ हाताच्या अवजारांनी कीड काढून सिमेंट भरण्याची पद्धत विकसित झाली आणि तीतही पुढे हेच सिमेंट मुख्य साधन ठरले. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये अत्यावश्यक औषधांच्या यादीत फ्लोराइडयुक्त टूथपेस्टबरोबर या सिमेंटचाही समावेश केला. शाळांतील शिबिरे, लहान मुले व वृद्ध यांच्यासाठी ते वरदान आहे. परंतु त्याचा एक दुबळेपणा आहे. वारंवार होणाऱ्या आम्लाच्या माऱ्यात ते स्वतःच विरघळत जाते. म्हणून ज्याच्या तोंडात दिवसभर आंबट पेय किंवा रात्रभर जठरातील आम्ल येत असते, त्याच्या दातात हे सिमेंट भरून त्यास घरी पाठवले, तर तो वर्षा-दोन वर्षांत पुन्हा आपल्या दारी उभा राहण्याचा संभव फार.

आता विश्वस्तांच्या मूळ प्रश्नाचे उत्तर देता येईल. आम्लजन्य झीज झालेल्या रुग्णाच्या तोंडात अनेकदा असे दिसते की, जुनी चांदी दाताच्या पृष्ठभागाहून वर उचललेली आहे. वास्तविक चांदी वर आलेली नसते. भोवतालचा दात खाली गेलेला असतो. पावसाने मातीची धूप व्हावी आणि बांधावरची हद्दीची शिळा उघडी पडावी, तसा हा प्रकार. त्या शिळेची डागडुजी करून शेत वाचत नाही; पाण्याची वाट वळवावी लागते. साहित्य कितीही उत्तम आणले तरी आम्लाचा उगम शोधल्याविना केलेले भरण हा तात्पुरता खर्चच ठरतो, आणि तो पुन्हा करावा लागतो. शिवाय प्रत्येक नव्या भरणाच्या वेळी दाताचा आणखी थोडा भाग जातो. भरणानंतर रूट कॅनाल, त्यानंतर कॅप आणि अखेरीस दात काढणे, अशा पायऱ्या उतरत जाणाऱ्या रुग्णाचा खर्च प्रत्येक पायरीवर वाढतो. गरीब कुटुंब बहुधा मधल्या पायऱ्या सोडून थेट शेवटची गाठते.

म्हणून दंतविभागाच्या वतीने विश्वस्त मंडळास व देणगीदारांस मी तीन विनंत्या करू इच्छितो. पहिली, प्रत्येक नव्या रुग्णाशी आहार, सवयी, पित्ताचा त्रास व चालू औषधे यांविषयी दहा मिनिटे बोलण्यासाठी एक प्रशिक्षित साहाय्यक नेमण्यास मंजुरी मिळावी. दुसरी, दंतविभाग व औषधोपचार, स्त्रीरोग आणि बालरोग हे विभाग यांच्यात रुग्ण परस्परांकडे पाठवण्याची लेखी पद्धत सुरू व्हावी, व पाठवलेल्या रुग्णाकडून दुसऱ्यांदा नोंदणीशुल्क घेतले जाऊ नये. तिसरी, आपल्या वार्षिक अहवालात केवळ ‘इतकी भरणे केली’ हा आकडा न छापता, दोन वर्षांपूर्वी केलेल्या भरणांपैकी किती शाबूत आहेत, हाही आकडा छापला जावा. हा दुसरा आकडा पहिल्याइतका भरघोस दिसणार नाही, याची मला कल्पना आहे. काही रुग्ण पुन्हा भेटणारच नाहीत, त्यांचीही नोंद तशीच करावी लागेल. परंतु देणगीदारांना आपल्या पैशाचे खरे फलित समजावयाचे असेल, तर ते याच आकड्यातून समजेल.

दंतोपचाराची खुर्ची किंवा क्ष-किरण यंत्र देणाऱ्या दात्याचे नाव त्यावर कोरता येते. दहा मिनिटांच्या संभाषणावर नाव कोरता येत नाही. यंत्रांचे मोल मी कमी लेखत नाही. ती नसती तर हा विभाग उभाच राहिला नसता. एवढीच प्रार्थना आहे की, ज्या देणगीस दृश्य रूप नाही तीही आपण तितक्याच आनंदाने द्यावी.

रुग्णांच्या कुटुंबीयांसाठी काही सूचना आमच्या डॉक्टरांनी आवर्जून सांगण्यास सांगितल्या आहेत. आंबट पेय घ्यावयाचे तर ते जेवणासोबत घ्यावे, तोंडात घोळवू नये, घोट घोट घेत बसू नये. त्यानंतर साध्या पाण्याने चूळ भरावी आणि दात लगेच घासू नयेत. निदान अर्धा तास जाऊ द्यावा, कारण तेव्हा पृष्ठभाग मऊ असतो. उलटी झाल्यावरही हाच नियम. मऊ ब्रश वापरावा. मशेरी, राख, विटेची पूड व खरखरीत दंतमंजन यांनी दात घासू नयेत. फ्लोराइडयुक्त टूथपेस्ट दिवसातून दोनदा वापरावी. तीन वर्षांखालील बालकास तांदळाच्या दाण्याएवढी व सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी पुरे, आणि मुलांना ती गिळू देऊ नये. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड अशा जिल्ह्यांतील काही गावांच्या पाण्यात मुळातच फ्लोराइड अधिक असते. तेथून येणाऱ्या कुटुंबांनी मुलांसाठी पेस्ट निवडताना डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. रात्री झोपताना मुलाच्या तोंडात गोड किंवा आंबट पेयाची बाटली देऊ नये, कारण झोपेत लाळ जवळजवळ स्रवतच नाही. थंड-गरम लागून कळा येणे, दातांच्या कडा पारदर्शक दिसणे, दाढेच्या टोकांवर वाटीसारखे खळगे पडणे, किंवा जुने भरण जिभेला उंच लागणे, यांपैकी काहीही आढळल्यास दुखण्याची वाट न पाहता दाखवण्यास यावे. झीज तेथल्या तेथे थांबवता येते. येताना आपण रोज काय खाता-पिता ते तीन दिवस एका कागदावर लिहून आणावे. त्या कागदाचा डॉक्टरांना फार उपयोग होतो.

भरण हे दंतविज्ञानाने माणसाला दिलेले मोठे साह्य आहे आणि आपला विभाग ते यापुढेही गरजूंना देत राहील. परंतु जे कवच निसर्गाने एकदाच दिले, ते शक्य तितके मूळ स्वरूपात राखणे हेच रुग्णाच्या व संस्थेच्याही हिताचे आहे. माझ्या तिन्ही विनंत्या विश्वस्त मंडळाच्या पुढील बैठकीच्या विषयपत्रिकेवर घेतल्या आहेत. देणगीदारांनी त्यांविषयी आपल्या सूचना रुग्णालयाच्या कार्यालयात लेखी कळवाव्यात, अशी नम्र विनंती आहे.